214 सह्यांचा अर्ज कोणत्या टेबलावर आहे?

वाचक लिहितात:

"आमची वस्ती गावठाणापासून सव्वा किलोमीटरवर आहे आणि मध्ये ओढा लागतो. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की पहिली ते चौथीची 19 मुले घरीच राहतात आणि आजारी माणसाला गावात न्यायचे तर चार जणांनी उचलून न्यावे लागते. गेल्या दोन वर्षांत आम्ही चार निवेदने दिली. ग्रामपंचायतीला दिले, गटविकास अधिकाऱ्यांना दिले, एका कार्यक्रमात आमदारांना दिले आणि शेवटी 214 सह्यांचे निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना दिले. वर्तमानपत्रात छायाचित्रही आले. उत्तर मात्र एकच आले, की आपला अर्ज पुढील योग्य त्या कार्यवाहीस्तव संबंधित कार्यालयाकडे पाठवण्यात आला आहे. आता वस्तीवरचे तरुण म्हणतात की ओढ्याच्या पाण्यात उतरून बसू, मतदानावर बहिष्कार टाकू. माझे चुलत दीर ग्रामपंचायतीचे सदस्य आहेत, त्यामुळे घरातही ताण आहे आणि काही जणांनी सह्या मागे घेतल्या आहेत. निवेदने देऊन खरोखर काही होते का? आणि या सगळ्यात पहिले नाव माझे असावे का?
— वस्तीवरची एक आई"

ताई,

तुम्ही पत्रासोबत चारही निवेदनांच्या प्रती पाठवल्या हे फार चांगले केले. त्यांतले शेवटचे निवेदन मी दोनदा वाचले. तुमच्या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी त्या दोन पानांतच आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

त्या निवेदनात 11 मागण्या आहेत. ओढ्यावर पूल हवा, रस्ता डांबरी हवा, वस्तीवर दिवाबत्ती हवी, एसटीचा थांबा हवा, रेशन दुकान वेळेवर उघडावे, तलाठ्यांनी आठवड्यातून एकदा तरी यावे, तुंबलेले गटार साफ व्हावे, अशा अनेक, आणि शेवटी गेल्या वर्षी रस्त्यावर मुरूम न टाकताच बिल काढल्याची चौकशी व्हावी. यातली एकही मागणी खोटी किंवा अवाजवी नाही. पण हा कागद जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक विभागात पोहोचतो तेव्हा तो उघडणाऱ्या लिपिकासमोर पाच-सहा वेगवेगळ्या खात्यांची कामे एकाच पानावर येतात आणि त्यांतल्या बऱ्याच कामांवर त्या कार्यालयाला थेट निर्णय घेताच येत नाही. तो कागद पुढे पाठवणे एवढेच त्याच्या हातात उरते. तुम्हाला आलेले एका ओळीचे उत्तर त्यातून आले आहे. अनास्था नसतेच असे मी म्हणणार नाही, ती मी पुष्कळ पाहिली आहे. परंतु ज्या कागदावर एकाही अधिकाऱ्याला स्वतःच्या अधिकारात सही करण्याजोगे काही सापडत नाही, तो कागद आस्था असलेल्या अधिकाऱ्याच्या हातूनही पुढे सरकत नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला असा आहे की दहा मागण्या सध्या बाजूला ठेवा आणि ओढा एवढाच विषय हाती घ्या. त्या दहा मागण्या सोडून द्या असे मी सुचवत नाही. त्यांचे स्वतंत्र अर्ज पुढे, त्या त्या कार्यालयाच्या नावाने करता येतील. मात्र ज्या मागणीमुळे 19 मुलांचे शिक्षण थांबते, ती दिवाबत्ती आणि एसटी थांब्याच्या मध्ये सातव्या क्रमांकावर असू नये.

दुसरा प्रश्न असा, की तो रस्ता नेमका कोणाचा आहे? तुमच्या चारही निवेदनांत याचा उल्लेख नाही आणि सगळे इथेच अडले आहे, असे मला वाटते. आपल्या राज्यात राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग साधारणपणे जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात आणि गावातले अंतर्गत रस्ते ग्रामपंचायतीकडे. ग्रामीण मार्गाला क्रमांक असतो. तुमच्या गावठाण ते वस्ती या रस्त्याला असा क्रमांक आहे का, हे पंचायत समितीच्या आवारातील जिल्हा परिषद बांधकाम उपविभागात जाऊन विचारा. क्रमांक असेल तर तुमच्या अर्जाचा मालक सापडला. क्रमांकच नसेल, आणि वस्त्यांच्या बाबतीत असे बरेचदा घडते, तर तो रस्ता सरकारी कागदावर नाहीच असे समजा. अशा वेळी तुमची पहिली मागणी रस्त्याला ग्रामीण मार्ग म्हणून क्रमांक देण्याची असायला हवी, कारण नोंद नसलेल्या रस्त्यावर पूल प्रस्तावित करायला कोणताही अभियंता सहजासहजी तयार होत नाही.

तोंडी विचारून उत्तर मिळत नसेल तर माहिती अधिकार अधिनियम, 2005 खाली अर्ज करा. आपल्या राज्यात त्याचे शुल्क 10 रुपये आहे, ते कोर्ट फी स्टॅम्प लावून भरता येते, आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क द्यावे लागत नाही. राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर सर्वसाधारणपणे 150 शब्दांच्या आत असावा. हे बंधन तुमच्या पथ्यावर पडणारे आहे, कारण ते नेमके विचारायला लावते. रस्त्याचा क्रमांक व दर्जा काय, देखभाल कोणाकडे, ओढ्यावरील कामाचा प्रस्ताव आजवर कधी तयार झाला होता का आणि झाला असल्यास त्याची प्रत, एवढेच विचारा. अर्ज चुकीच्या कार्यालयात पडला तरी त्याच कायद्याच्या कलम 6(3) प्रमाणे तो योग्य कार्यालयाकडे पाठवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. 30 दिवसांत माहिती मिळाली नाही, तर त्यानंतरच्या 30 दिवसांत त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते.

मुरुमाच्या बिलाबद्दल इथेच सांगतो. तुमचा संशय खरा असू शकेल. पण तो विषय ओढ्याच्या निवेदनात घालू नका. ज्या निवेदनात मागणी आणि आरोप एकत्र असतात, त्यातल्या आरोपालाच उत्तर दिले जाते, कारण समोरच्याला आधी स्वतःला वाचवायचे असते. शिवाय तुमच्या वस्तीवर सह्या मागे घेतल्या गेल्या त्याचे कारणही मला तिथेच दिसते. पूल हवा म्हणून सही करणारा माणूस आपल्याच भावकीतल्या सदस्याविरुद्ध चौकशी मागायला तयार असेलच असे नाही. मुरुमासाठी वेगळा माहिती अधिकार अर्ज करून त्या कामाचे अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेतील नोंदी आणि देयकाची प्रत मागवा. कागद हाती आल्यावर तक्रार करायची की नाही, ते ठरवा. ते काम ज्याला करायचे आहे त्याने करावे, 214 जणांना त्यात ओढू नये.

आता मागणी कशी लिहावी याकडे वळतो. "पूल बांधून मिळावा" हे वाक्य माणसाला समजते, परंतु त्यावर कोणाला काय करायचे आहे हे त्यातून कळत नाही. जिल्हा परिषद बांधकाम उपविभागाच्या उपअभियंत्यांच्या नावाने असे लिहा (मोरी म्हणजे रस्त्याखालून पाणी जाऊ देणारे छोटे बांधकाम आणि फरशी म्हणजे ओढ्याच्या पात्रातला बुटका पक्का रस्ता): "गावठाण ते वस्ती या ग्रामीण मार्गावरील ओढ्याची स्थळपाहणी करून तेथे योग्य त्या प्रकारचे बांधकाम, मोरी, फरशी किंवा लहान पूल, करण्याचे अंदाजपत्रक तयार करावे आणि ते जिल्हा वार्षिक योजनेत प्रस्तावित करण्यासाठी वरिष्ठ कार्यालयास सादर करावे." स्थळपाहणीला येणे आणि अंदाजपत्रक करणे हे उपविभागाचे नेहमीचे काम आहे, त्यासाठी मंत्रालयात जावे लागत नाही. आणि एकदा अंदाजपत्रक झाले की तुमच्या मागणीला आकडा मिळतो. आमदारांना स्थानिक विकास निधीतून काम सुचवायचे झाले किंवा पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समितीपुढे विषय न्यायचा झाला, तरी सगळे पहिल्यांदा खर्च किती हेच विचारतात. दोन वर्षांत तुमच्याकडे छायाचित्र जमा झाले, पण तो आकडा जमा झाला नाही.

मोरी हवी की पूल, हा निर्णय अभियंत्यावर सोडा. पूल हवाच असा हट्ट धरल्यामुळे कमी खर्चात होऊ शकणारी फरशीही वर्षानुवर्षे अडते. मात्र फरशीवरून पुराचे पाणी जाते, तेव्हा वर्षातून किती दिवस आणि किती उंचीने पाणी वाहते हे तुम्ही सांगितले पाहिजे, कारण पाहणीला येणारा अभियंता बहुधा कोरड्या दिवशी येईल. यंदाच्या पावसाळ्यात ओढ्याकाठच्या एखाद्या दगडावर किंवा खांबावर रंगाने फुटांच्या खुणा करा आणि पाणी कुठवर आले, किती तास राहिले, हे एका वहीत रोज लिहा. ती वही तुमच्या सह्यांच्या कागदाइतकीच महत्त्वाची आहे. शाळेच्या मुख्याध्यापकांकडून वस्तीवरील मुलांची जून ते सप्टेंबर या महिन्यांतील गैरहजेरी किती दिवसांची झाली, एवढा आकडा लेखी मागा. मुलांची नावे देण्याची गरज नाही. शिक्षण हक्क अधिनियम, 2009 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात. त्या समितीने या गैरहजेरीवर ठराव केला, तर ओढ्याचा प्रश्न बांधकाम खात्यापुरता न राहता शिक्षण खात्याचाही होतो आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना त्याची दखल घ्यावी लागते.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो आहे वेळेचा. तुमची चारही निवेदने जुलै आणि ऑगस्टमध्ये दिलेली आहेत. ते स्वाभाविक आहे, त्रास तेव्हाच होतो. पण तेव्हा त्या वर्षाच्या निधीची बरीचशी विभागणी ठरलेली असते आणि ओढ्यात बांधकाम करणेही शक्य नसते. पुढे पाऊस संपतो, दिवाळी येते, ओढा कोरडा पडतो, मुले चालत शाळेत जाऊ लागतात आणि वस्तीला मागणीचा विसर पडतो. नेमक्या याच महिन्यांत ग्रामपंचायतीचा पुढच्या वर्षाचा विकास आराखडा आणि जिल्हा वार्षिक योजनेचा प्रारूप आराखडा आकार घेत असतो. म्हणजे आपण मागतो तेव्हा देण्यासारखे फारसे काही नसते आणि देण्याची वेळ येते तेव्हा मागणारा कोणी तिथे नसतो. तुमच्या वस्तीने एकच सवय बदलायची ठरवली, तर ती ही बदला. पावसाळ्यात नोंदी ठेवा आणि ऑक्टोबर ते जानेवारी या काळात पाठपुरावा करा.

त्याची सुरुवात ग्रामसभेपासून करा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 7 प्रमाणे आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे मतदार हजर लागतात. तुमच्याकडे 214 सह्या आहेत. त्यांतील 100 माणसे सभेला आली तर गणपूर्ती एकट्या तुमच्या वस्तीने होते, ही ताकद तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. 15 ऑगस्टच्या सभेसाठी विषयपत्रिकेत ओढ्याचा विषय घ्यावा असा लेखी अर्ज सभेची सूचना निघण्यापूर्वीच ग्रामसेवकांकडे द्या आणि त्याची पोच घ्या. "आयत्या वेळच्या विषयां"त तो ढकलला गेला तर चर्चा होते, पण ठराव होत नाही. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेणेही बंधनकारक आहे. ही सभा पुष्कळ गावांत कागदावरच उरकली जाते. ती तुम्ही खरोखर भरवा, कारण वस्तीवरच्या ज्या बाया चावडीवर बोलणार नाहीत त्या तिथे बोलतील. ठराव मंजूर झाल्यावर सूचक, अनुमोदक आणि ठराव क्रमांक यांसह इतिवृत्तात त्याची नोंद झाली की नाही, हे पाहा आणि ठरावाची नक्कल मागून घ्या. 2 ऑक्टोबरच्या सभेत तेच काम विकास आराखड्यात आले आहे का, हे विचारा. ठरावाची नक्कल, पाण्याची वही, गैरहजेरीचा आकडा आणि एक पानी मागणी, एवढे घेऊन मग उपअभियंत्यांकडे जा.

आणि प्रत्येक वेळी आवक क्रमांक घ्या. तुमच्या चार निवेदनांपैकी फक्त एकाच्या प्रतीवर शिक्का आणि क्रमांक आहे. आमदारांना कार्यक्रमात दिलेल्या निवेदनाचा तर मागमूसच नाही, कारण हारतुऱ्यांबरोबर दिलेला कागद कोणत्याही कार्यालयाच्या नोंदवहीत चढत नाही. लोकप्रतिनिधींना जरूर भेटा, मात्र त्यांच्या कार्यालयात जाऊन पोच घेऊन द्या आणि त्यांनी उपअभियंत्यांना पत्र द्यावे, एवढेच नेमके मागा. शासकीय कार्यालयांसाठी 2005 चा एक कायदा आहे, ज्याला लोक दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. त्याच्या कलम 10 प्रमाणे कोणत्याही कर्मचाऱ्याकडे नस्ती, म्हणजे फाईल, सर्वसाधारणपणे सात कार्यालयीन दिवसांपेक्षा जास्त प्रलंबित राहू नये. जिल्हाधिकारी कार्यालयात विचारपूस करताना हे कलम आठवणीत असू द्या, पण विचारपूस करायला हाती आवक क्रमांक आणि तारीख हवी. ती नसेल तर तुमचा अर्ज आला होता हेच सिद्ध करण्यात सकाळ जाते.

लोकशाही दिनाचा, म्हणजे अधिकारी नागरिकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात त्या ठरलेल्या दिवसाचा, मार्गही आहे. तालुक्याला महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी आणि जिल्ह्याला पहिल्या सोमवारी तो होतो, आणि विहित नमुन्यातला अर्ज आधी द्यावा लागतो. तिथे तक्रार वैयक्तिक स्वरूपाची असावी लागते, संघटनेच्या किंवा पक्षाच्या लेटरहेडवरचा अर्ज घेतला जात नाही. त्यामुळे 214 सह्यांचा गठ्ठा तिथे उपयोगाचा नाही. ज्या आईच्या मुलाची शाळा बुडाली, तिने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या मुलाच्या बुडालेल्या दिवसांबद्दल अर्ज करावा. असे पाच-सहा अर्ज वेगवेगळ्या घरांतून गेले तर त्यांचे वजन निश्चित पडते.

तरुणांच्या म्हणण्याबद्दल मी स्पष्ट बोलतो. पाण्यात उतरून बसण्याचा इशारा देऊ नका आणि कोणाला देऊही देऊ नका. जिवावर उदार होण्याची भाषा केली की प्रकरण बांधकाम विभागाकडून पोलिसांकडे जाते, प्रतिबंधात्मक नोटिसा निघतात आणि नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या मुलांना त्याचा त्रास होऊ शकतो. ओढ्याचे पाणी तर कोणाचाच इशारा ऐकत नाही. उपोषण किंवा बहिष्कार हे लोकशाहीतले मार्ग आहेत, त्यांना मी कमी लेखत नाही. पण ते बहुधा एका लेखी आश्वासनावर संपतात. त्या आश्वासनात काय लिहून घ्यायचे हे ठाऊक नसेल तर ते पाचवे निवेदनच ठरते. काम कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे कोणत्या निधीतून, प्रस्तावित होणार, कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे तीन तपशील नसलेले आश्वासन घेऊन उठू नये. त्यासाठीसुद्धा आधीचे सगळे कागद लागतातच.

"निधी नाही" हे उत्तर तुम्हाला केव्हातरी मिळेल. तेव्हा मध्य प्रदेशातील रतलामची हकीकत लक्षात असू द्या. तिथल्या एका वॉर्डातील रहिवाशांनी उघडी गटारे आणि दुर्गंधी यांविरुद्ध दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागितली. नगरपालिकेने पैसे नसल्याचे कारण पुढे केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 1980 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालात पैशांच्या चणचणीची सबब फेटाळली गेली, कारण लोकांच्या आरोग्याशी निगडित असलेले वैधानिक कर्तव्य तिजोरी रिकामी असल्याचे सांगून टाळता येत नाही. त्या रहिवाशांनी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 133 वापरले होते. आता त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 152 आहे. तुमच्यासाठी मात्र हा मार्ग मी आज सुचवत नाही. ते कलम सार्वजनिक उपद्रव किंवा अडथळा दूर करण्यासाठी आहे, नवे बांधकाम मागण्यासाठी ते सहज लागू पडत नाही. तुमच्याच निवेदनातील तुंबलेल्या गटाराच्या तक्रारीला ते उपयोगी पडू शकेल. त्यासाठी तालुक्यातील विधी सेवा समितीत मोफत सल्ला मिळतो, तिथे एकदा जाऊन या.

राहिला सह्यांचा आणि तुमच्या नावाचा प्रश्न. 1870 मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली तेव्हा सभासद होणाऱ्याला किमान 50 प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागत असे. गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे 6000 लोकांची मुखत्यारपत्रे घेतलेल्या 95 जणांची सभा उभी केली. आपण कोणाच्या वतीने बोलतो हे त्यांना सरकारला कागदावर दाखवता येत होते. तुमच्या 214 सह्या एकाच दिवशी, एकाच ठिकाणी, बहुधा बऱ्याचशा घाईत घेतलेल्या दिसतात आणि त्यांतल्या कित्येकांसमोर नावही वाचता येत नाही. या वेळी दर दहा घरांमागे एक माणूस ठरवा. त्याने एक पानी मागणी प्रत्येक घरात वाचून दाखवावी, शंका ऐकून घ्याव्यात आणि मगच सही घ्यावी. सह्या 120 झाल्या तरी चालतील. वाचून केलेली सही सहसा मागे घेतली जात नाही.

तुमच्या चुलत दिरांना विरोधक समजू नका आणि त्यांच्या पाठीमागे काही करूही नका. मागणीतून मुरुमाचा विषय निघाल्यावर त्यांच्याकडे जा आणि ग्रामसभेत या ठरावाचे सूचक व्हा, अशी विनंती करा. सदस्याला आपल्या वस्तीच्या कामाचा सूचक होण्यात अडचण वाटण्याचे कारण नाही. त्यांनी नकार दिला तर सूचक म्हणून दुसरे कोणी उभे राहील, पण त्यांना आधी विचारले होते हे घरात सर्वांना ठाऊक असेल. पहिले नाव मात्र तुमचे असावे, असे माझे मत आहे. पत्ता, दूरध्वनी आणि पाठपुरावा ज्या व्यक्तीच्या नावावर आहे तिला कार्यालय ओळखू लागते, आणि दोन वर्षे हे कागद सांभाळून ठेवणारी व्यक्ती तुमच्या वस्तीत तुम्हीच आहात. घरच्यांना काळजी वाटत असेल तर दर दहा घरांमागच्या त्या माणसांची नावे तुमच्या नावाखाली लिहा, म्हणजे कोणत्याही कार्यालयात एकटीने जावे लागणार नाही.

15 ऑगस्टच्या सभेसाठीचा विषयाचा अर्ज या आठवड्यातच लिहून घ्या. तो ग्रामसेवकांकडे देण्यापूर्वी मला पाठवलात तर वाचून कळवीन. आणि ओढ्याकाठच्या दगडावर फुटांच्या खुणा मात्र पाऊस जोर धरण्याआधीच करून ठेवा.